अर्ध्या सेकंदाचा बूस्ट: घ्यावा की टायरात पैसे घालावेत?

संथगती
बूस्ट म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची ताकद सॉफ्टवेअरने वाढवणारं, वेगळे पैसे भरून मिळणारं अपग्रेड. त्यावर काल एका सदस्याने टेस्ला मॉडेल ३ बद्दल लिहिलं, "लाँग रेंज घेऊन बूस्ट न टाकणं म्हणजे अर्धीच गाडी घेणं. मोटरी दोन, बॅटरी मोठी, मग हात आखडता कशाला?" खाली सहाजणांनी लगेच "घेतोच" म्हणून टाकलं. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

टेस्लाने मॉडेल ३ लाँग रेंजसाठी हा बूस्ट डिसेंबर २०१९ मध्ये आणला, २००० डॉलरला. ० ते ताशी ६० मैल (९७ किमी) वेग गाठायचा वेळ ४.४ सेकंदांवरून ३.९ वर आला. एवढ्या पैशात गाडीचा एक नटसुद्धा बदलत नाही. इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) जास्त करंट ओढायची मुभा मिळते, बस्स. ब्रेक तेच, टायर तेच, सस्पेन्शन तेच. पर्फॉर्मन्स या वेगवान मॉडेलचा ट्रॅक मोडही (रेसट्रॅकवरची सेटिंग) मिळत नाही.

हिशोब करून बघा. १८५० किलोची गाडी ताशी ९७ किमीला न्यायला साधारण ६६५ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.१८५ युनिट. ४.४ सेकंदांत ते केलं तर सरासरी १५१ किलोवॅट, ३.९ मध्ये केलं तर १७० किलोवॅट. तुम्ही १९ किलोवॅट विकत घेताय, आणि तेही पेडल तळाला दाबल्यावरच. रोजच्या चालवण्यात पेडल किती वेळा तळाला जातं?

टॉर्कमापक
संथगती, गणित बरोबर आहे, पण मोजलंय चुकीच्या जागी. सिग्नलवरून सुटायला बूस्ट कोण घेतं? खरा उपयोग चालत्या गाडीत. पोलस्टार २ या इलेक्ट्रिक गाडीचं अपग्रेड बघा: ताकद ३०० किलोवॅटची ३५०, टॉर्क (फिरवणारा जोर) ६६० न्यूटन मीटरचा ६८०, आणि जास्तीची ताकद मुख्यतः ७० ते १३० किमीच्या पट्ट्यात. ओव्हरटेक नेमका तिथेच होतो. ट्रकच्या मागून बाहेर पडल्यावर समोरच्या लेनमध्ये कमीत कमी वेळ राहणं ही सुरक्षितता आहे, चैन नाही.

संथगती
मग तिथलंच मोजूया. २१०० किलोची गाडी ७० वरून ११० ला नेताना हवेचा आणि टायरचा रोध सोडला तर सुमारे ५८० किलोज्यूल. ३०० किलोवॅटला १.९ सेकंद, ३५० ला १.७. फरक पाव सेकंदाच्या आसपास. त्या वेगाला पाव सेकंदात गाडी सहा-सात मीटर जाते. जो ओव्हरटेक सात मीटरच्या जोरावर सुरक्षित ठरतो, तो करायचाच नसतो!

टॉर्कमापक
समोरून येणारा ८० ने येतोय, तोही त्याच पाव सेकंदात साडेपाच मीटर पुढे सरकतो. म्हणजे दोघांतलं अंतर बारा मीटर. बारा मीटर तुम्हाला क्षुल्लक वाटत असतील तर आपलं बोलणंच खुंटलं. आणि "करायचाच नसतो" हा उपदेश नको. अंदाज चुकतो म्हणूनच हाताशी राखीव ताकद लागते.

वायरमन
तुम्ही दोघं सेकंद मोजत बसलात, मूळ दुखणं वेगळंच आहे. मोटर, इन्व्हर्टर, केबल, सगळं गाडीत आधीपासून आहे. ते बनवायचा खर्च गाडीच्या किमतीत वसूल झालाय. मग कुलूप उघडायचे वेगळे पैसे का? मर्सिडीजने २०२२ मध्ये ईक्यूई आणि ईक्यूएस या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बूस्टसाठी अमेरिकेत वर्षाला १२०० डॉलरची योजना जाहीर केली. वर्गणी थांबली की गाडी पुन्हा मंद! हे विकणं नाही, भाड्याने देणं आहे.

टॉर्कमापक
मग ते कुलूप तोडणारं बाहेरचं मॉड्यूल बसवा, झालं.

वायरमन
हा सल्ला कुणी मनावर घेऊ नका. २०२० मध्ये कॅनडातल्या एका कंपनीने मॉडेल ३ साठी असं मॉड्यूल काढलं होतं, टेस्लाच्या दरापेक्षा स्वस्त. पुढे टेस्लाच्या एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर ते बसवलेल्या गाड्यांच्या पडद्यावर "न जुळणारा बदल आढळला, नुकसानीचा धोका" अशी सूचना यायला लागली. वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.

शिवाय एक गोष्ट कुणी सांगत नाही. ताकद म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. बॅटरी २० टक्क्यांवर आली की व्होल्टेज पडतं, थंड असली की आतला रोध वाढतो, आणि मग बूस्ट असो-नसो गाडी स्वतःच ताकद कापते. जाहिरातीतला आकडा भरलेल्या, गरम बॅटरीचा असतो. करंट १३ टक्के वाढला तर मोटरच्या तारांची गुंडाळी (वायंडिंग) आणि सेल यांतली उष्णता सुमारे २८ टक्के वाढते, कारण ती करंटच्या वर्गात जाते. चार-पाच सेकंद सोसवतं, लागोपाठ दहा वेळा नाही.

रबरी
मी इतका वेळ थांबलो होतो, कुणीतरी टायरबद्दल नीट बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही.

३.९ सेकंदांत ९७ किमी म्हणजे सरासरी ०.७ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग). कोरड्या, चांगल्या डांबरावर बरा टायर ०.९ ते १ जी देतो. ओल्या रस्त्यावर तोच टायर ०.६ च्या घरात येतो, झिजलेला असेल तर त्याहून खाली. मग बूस्टची ताकद रस्त्यावर पोचतच नाही, चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल ती कापून टाकतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर विचारूच नका. जोरात निघताना साधारण २०० किलोचा भार पुढून मागे जातो, आणि नेमकी ओढणारी चाकंच हलकी होतात.

टायर वेग वाढवतानाही कामाला येतो, वळतानाही आणि थांबतानाही. तेच पैसे एका उत्तम सेटमध्ये घाला. आणि ते बूस्टबरोबर २० इंची चाकं घ्यायचं खूळ आहे ना, तेवढं तरी सोडा.

टॉर्कमापक
खूळ का? पर्फॉर्मन्स मॉडेलला कंपनीच २० इंची देते. रुंद रिम, कडक साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), वळणावर नेमकेपणा. अभियंते मूर्ख आहेत का?

रबरी
२०२१ च्या गाडीत रुंदी दोन्हीकडे २३५ च होती हो! २३५/४५ आर१८ ची साइडवॉल १०६ मिलिमीटर, २३५/३५ आर२० ची ८२. खड्ड्याची कड आणि अलॉय यांच्यातलं २४ मिलिमीटर रबर-हवा तुम्ही पैसे देऊन काढून टाकता. मग धारेवर चाक आपटलं की साइडवॉल रिम आणि दगड यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात, आणि दोन दिवसांनी लिंबाएवढा फुगा दिसतो. त्याला दुरुस्ती नाही, टायर फेकायचाच. भार पेलण्याची क्षमताही बघा: १८ इंचीवर ९८ लिहिलेलं असतं, म्हणजे ७५० किलो. २० इंचीवर ९२, म्हणजे ६३०.

रेंजही जाते. २०२१ च्या मॉडेल ३ चे अमेरिकन सरकारी आकडे: लाँग रेंज ३५३ मैल, २० इंची पर्फॉर्मन्स ३१५. बॅटरी तेवढीच. त्यात चाकं आणि चिकट टायर यांचा वाटा मोठा.

पाना_सतरा
रबरी यांना पूर्ण अनुमोदन, पण पंक्चरचं राहिलं. या गाड्यांत स्टेपनी नसते, आणि बऱ्याच टायरांत आवाज मारायला आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. लोक बाटलीतलं सीलंट ओततात. फोम ते पिऊन टाकतो, एका बाजूला जड होतो, आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग बॅलन्सिंगवाल्याला दोष.

बरोबर पद्धत अशी. टायर रिमवरून उतरवायचा. भोकाच्या समोरचा फोम खुणेने आखून वीतभर लांबीत ब्लेडने कापायचा. खालचा चिकट गोंद पूर्ण खरवडायचा. इथेच बहुतेकजण घाई करतात, आणि गोंदावर लावलेला पॅच आठवड्यात सुटतो. मग भोक रीमरने साफ करून, मंद गतीच्या बफरने रबर खरखरीत करून, रबर सिमेंट लावून वाळू द्यायचं. छत्रीसारखा पॅच-प्लग आतून बाहेर ओढायचा, मधून कडेकडे रोलर फिरवायचा. ६ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक किंवा टायरच्या खांद्याजवळचं (तळ आणि बाजू जुळतात तिथलं) पंक्चर असेल तर हात लावायचा नाही. शेवटी बॅलन्सिंग.

आणि जॅक! मॉडेल ३ ची बॅटरी सगळ्या तळाला पसरलेली आहे. चार ठरलेल्या छिद्रांत रबरी ठोकळा बसवून त्याखालीच जॅक लावायचा. दोन इंच सरकला तर वजन बॅटरीच्या पेटीवर येतं. पंक्चरवाला म्हणेल "होतं हो साहेब", तरी ऐकू नका. नट १७५ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने. एअर गनने आवळलेले नट रस्त्यात हाताने सुटत नाहीत.

संथगती
बघा, बूस्टवरची चर्चा पंक्चरवर आली. यातच उत्तर आहे.

टॉर्कमापक
उत्तर-बित्तर काही नाही. विषय पळवलात तुम्ही सगळ्यांनी. पंक्चर बूस्ट नसलेल्या गाडीलाही होतं! मी २० इंची चाकांचं समर्थन केलं, ते मागे घेतो. २४ मिलिमीटरचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण १८ इंची चाकं, उत्तम टायर आणि बूस्ट, यात वाईट काय ते सांगा.

रबरी
क्रम. आधी टायर, मग ब्रेक, मग ताकद.

पाना_सतरा
ब्रेकबद्दल तर या धाग्यात कुणी नीट बोललंच नाही! इलेक्ट्रिक गाडी रीजेनवर (मोटरनेच वेग कमी करून वीज बॅटरीत परत भरणं) थांबते म्हणून पॅड वर्षानुवर्षं टिकतात, आणि म्हणूनच ब्रेक ऑइल विसरलं जातं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५. आता बॅटरी १०० टक्के भरून घाटाच्या माथ्यावरून निघालात, तर रीजेन जवळजवळ मिळत नाही. सगळा भार पॅडवर. ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ज्याला वेग हवा त्याने आधी टेस्टरने ऑइलमधलं पाणी मोजून घ्यावं, आणि घाट उतरायचा असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं.

वायरमन
हे शंभर टक्के. तरीही कुलपाचे पैसे मी देणार नाही.

टॉर्कमापक
तुम्ही देऊ नका. पाना_सतरा, ऑइलचं पटलं. टायरचंही पटलं, नाइलाजाने का होईना. संथगतींच्या "पेडल किती वेळा तळाला जातं" याला मात्र माझं उत्तर तेच आहे: जेव्हा जातं तेव्हा त्या बारा मीटरना किंमत असते. एकदाच पैसे भरून गाडीसोबत कायम राहणारा बूस्ट मला मान्य, वर्षाची वर्गणी नाही. तिथे वायरमनशी माझं भांडण नाही.

संथगती
एकदाच भरायचे आणि टायर-ब्रेक झाल्यावर उरलेल्या पैशांतून, एवढं म्हणत असाल तर माझा विरोध पन्नास टक्के कमी. ३.९ आणि पर्फॉर्मन्सचे ३.१ असे शेजारी ठेवून मात्र कुणी तुलना करू नका. ३.१ चा आकडा पहिल्या फुटाचा वेळ वजा करून दिलेला होता, आणि त्यातच पाव सेकंदाच्या आसपास जातो.

रबरी
बूस्ट घेतलाच, तर एक काम. दर १०,००० किमीला, किंवा पुढच्या-मागच्या टायरच्या खाचांत १.५ मिलिमीटर फरक पडला की त्याआधीच, चाकं पुढे-मागे बदला. मागची मोटर जोरात ढकलते, मागचे टायर आधी जातात. खाच मापायची पट्टी डिकीत ठेवा आणि मधल्या खाचेत नव्हे, आतल्या कडेच्या खाचेत घाला. या गाड्यांत आतली कडच आधी गुळगुळीत होते, आणि ती उभ्याने दिसत नाही.