कोळशावर भाजलेल्या आलिशानच्या उलाँग चहाला धुराचा वास का नाही?

मृण्मयी_पुणे
नमस्कार मंडळी. माझा भाऊ तैवानात शिनचूला नोकरी करतो. त्याने तिथल्या आलिशान डोंगरातला उलाँग (अर्धवट आंबवलेला चहा) पाठवलाय, कोळशावर भाजलेला. मला वाटलं भरताच्या वांग्यासारखा धुरकट वास येईल, पण धुराचा मागमूसही नाही. पहिला कप नुसता खरपूस, त्याच पानांवर ओतलेल्या तिसऱ्या पाण्याला मात्र फुलांचा वास आणि घशात गोडवा. हा खरंच कोळशावरचा आहे का? आणि आई दूध घालायचं म्हणतेय, घालू का?

डोंगरचहा
ताई, धूर नाही हीच चांगल्या भाजणीची खूण! तैवानात यासाठी लोंगनच्या लाकडाचा कोळसा वापरतात. लोंगन म्हणजे लिचीच्या कुळातलं फळझाड. कोळसा आधी धूर पूर्ण जाईपर्यंत जाळायचा, मग निखारे राखेखाली झाकायचे आणि वर चहाची बांबूची टोपली ठेवायची. पानांना ज्वाळ लागत नाही, फक्त धग लागते. ती जास्त झाली की आणखी राख पसरायची, कमी पडली की थोडी सारायची. तासन्‌तास हे चालतं, मधूनमधून पानं हलवत, आणि सगळी भिस्त हातावर आणि नाकावर.

तिसऱ्या पाण्याचं म्हणाल तर आलिशानचे मळे साधारण १००० ते १६०० मीटरवर आहेत. तिथल्या थंडीत आणि धुक्यात पान सावकाश वाढतं, जाड होतं, तुरटपणा कमी राहतो. पानांच्या घट्ट गोळ्या वळलेल्या असतात, त्यामुळे आधी वरची भाजणी पाण्यात उतरते: भाजलेला काजू, काकवी. गोळी उलगडली की डोंगराची मूळ चव येते. मला तर हा चहा चवीच्या त्या वळणासाठीच आवडतो. पाचव्या पाण्यालाही नुसता कोळसाच लागत असेल, तर भाजणाऱ्याने पानावर अन्याय केला असं मी म्हणेन.

दूध नको, कृपा करून! १२० मिलीच्या भांड्यात ६ ग्रॅम चहा, उकळतं पाणी, पहिल्यांदा पाऊण मिनिट. आईंना चौथं पाणी द्या, ते सगळ्यात गोड असतं.

कडकमिठी
मी दोंगदिंग पितो, तैवानातल्या लुगूचा उलाँग, तोही भाजलेलाच असतो. तोही उंच डोंगराचाच म्हणायचा ना?

डोंगरचहा
लुगूचे जुने मळे १००० मीटरच्या खाली आहेत आणि तैवानात उंच डोंगराचा चहा म्हणजे त्याच्या वरचा. पण भाजणीत लुगूचा हात मोठा. तिथल्या शेतकरी संघाची दोंगदिंग चहाची स्पर्धा १९७६ पासून भरते. आता वरच्या डोंगरांतली पानंही त्या पद्धतीने भाजतात.

मृण्मयी_पुणे
चौथं पाणी आईला आवडलं! पण पहिल्या कपात जीभ किंचित कोरडी पडते.

डोंगरचहा
म्हणजे भाजणी ताजी असणार, धग अजून उतरलेली नाही. महिनाभर घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्या. मसाल्याच्या फळीवर मात्र नको, हिंगाचा वास लगेच धरतो.