बिलावर विंडोज ११, यादीत विंडोज १०, रजिस्ट्रीत ६.३... नेमकं धरायचं काय?

पतसंस्थेतला_क्लार्क
नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहे. आमची छोटी पतसंस्था, एकूण १४ कॉम्प्युटर, सगळे एकाच सप्लायरकडून आणि बिलावर स्वच्छ विंडोज ११ प्रो लिहिलेलं. आता ऑडिटवाल्यांनी तक्ता धाडलाय की प्रत्येक मशीनवर कुठलं विंडोज, कुठलं व्हर्जन ते भरून द्या, कारण १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, १० सापडलं की शेरा. मी एक फुकटातलं इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर फिरवलं तर चौदाच्या चौदा "विंडोज १० प्रो"! घामच फुटला. मग माझ्या मशीनची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आतली नोंदवही, उघडली (यूट्यूब बघून, हसू नका) तर तिथे प्रॉडक्टनेम विंडोज १० प्रो, करंटव्हर्जन ६.३, रिलीजआयडी २००९ आणि डिस्प्लेव्हर्जन २४एच२. सेटिंग्जमध्ये मात्र विंडोज ११. एका माणसाच्या चार जन्मतारखा असाव्यात तसं झालंय. सप्लायरने १० वरच ११ चा रंग मारून दिलाय का? साहेब म्हणतायत त्याचे राहिलेले पैसे अडवा.

फॉरमॅट_मार
पैसे अडवा आधी, मग बघू 😄

बिल्डनंबर_बघा
पैसे अडवू नका हो, तुमचं मशीन ११ च आहे. रजिस्ट्रीतलं ते प्रॉडक्टनेम ११ वर सुद्धा विंडोज १० च लिहिलेलं असतं, नव्या कोऱ्या ओरिजिनल मशीनवरही. तुमचं फुकटातलं सॉफ्टवेअर तिथूनच नाव उचलत असणार. पॉवरशेलमध्ये (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) गेट-कॉम्प्युटरइन्फो मारून बघा, एकाच यादीत विंडोजप्रॉडक्टनेम समोर १० प्रो आणि खाली ओएसनेम समोर ११ प्रो येतं. मायक्रोसॉफ्टचीच कमांड, आणि तिचं स्वतःशीच पटत नाही.

बाकीचे आकडे म्हणाल तर ६.३ हा खरा विंडोज ८.१ चा नंबर, तो त्या चौकटीत तेव्हापासून गोठलाय, जुनी सॉफ्टवेअरं तिथे डोकावतात म्हणून. २००९ म्हणजे साल नाही, २०२० चा नववा महिना, २०एच२ (२०२० च्या दुसऱ्या सहामाहीचं व्हर्जन) चा नंबर, नंतर ती चौकटच कुणी हलवली नाही. नंबर आणि नाव जुळत नाही हे आजचं नाही, विंडोज ७ आतून ६.१ होतं, ८ आतून ६.२, आणि ११ आतून अजूनही १०.० आहे.

म्हणून नाव सोडा, बिल्ड नंबर (विंडोजच्या त्या आवृत्तीचा आतला क्रमांक) धरा. विंडोजची की आणि आर दाबून विनव्हर टाका, जी खिडकी येते त्यात ओएस बिल्ड लिहिलेलं असतं. २२००० किंवा पुढे असेल तर ११, १९०४५ किंवा खाली असेल तर १०. फक्त सर्व्हर असेल तर हा हिशोब लावू नका, सर्व्हर २०२५ चा बिल्डही २६१०० च आहे, ११ च्या २४एच२ चा असतो तोच.

पतसंस्थेतला_क्लार्क
हुश्श. विनव्हर केलं, २६१०० आला. सर्व्हर नाहीये आमच्याकडे. मुख्य ऑफिसातली ११ मशीन अशीच, सगळी २४एच२. तीन शाखेत आहेत, तिथे फोन करून व्हर्जन काय दिसतं विचारलं तर तिन्हींवर २२एच२ म्हणाले. म्हणजे अपडेट राहिलंय एवढंच ना? सगळी ११ म्हणून भरून टाकू?

बिल्डनंबर_बघा
थांबा थांबा!! २२एच२ नावाचं व्हर्जन १० ला पण आहे आणि ११ ला पण. ११ चं असेल तर बिल्ड २२६२१, १० चं असेल तर १९०४५. २१एच२ ची पण तीच गत, १९०४४ आणि २२०००. त्यामुळे फोनवर "व्हर्जन काय" विचारू नका, "बिल्ड काय" विचारा आणि पाचही आकडे वाचून घ्या.

जुनाट_लॅपटॉप
यात माझीही भर. मी एकदा शहाणपणा करून सिस्टम-३२ मधल्या कर्नलच्या (विंडोजच्या गाभ्याच्या) फाइलची प्रॉपर्टी बघितली, तिथे १०.०.१९०४१ आणि विनव्हरमध्ये १९०४५, मला वाटलं अपडेट अर्धवट बसलंय, रविवार घालवून विंडोज परत टाकलं आणि परत तेच! नंतर कळलं की १९०४१ पासून १९०४५ पर्यंत फाइली त्याच असतात, वरून एनेबलमेंट पॅकेज नावाचं छोटं पुडकं येतं आणि फक्त बटण चालू करतं. ११ मध्ये २२६२१ आणि २२६३१ चं पण असंच.

आणि ब्राउझरवर तर अजिबात जाऊ नका. ११ वरून साइट उघडली तरी ब्राउझर युजर एजंटमध्ये (साइटला स्वतःची ओळख सांगणारी ओळ) विंडोज एनटी १०.० च सांगतो, त्यामुळे लॉगिनच्या मेलमध्ये "विंडोज १० वरून लॉगिन" आलं की लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात. काही जुनी अकाउंटिंगची सॉफ्टवेअरं तर विंडोज ८ दाखवतात, कारण ८.१ पासून ज्या प्रोग्रामने नव्या विंडोजची ओळख असल्याचं मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या नोंदीत) लिहिलेलं नाही त्याला विचारल्यावर ६.२ एवढंच उत्तर मिळतं. खोटं मुद्दाम, पण भल्यासाठी, नाहीतर निम्मी सॉफ्टवेअरं नवा नंबर बघूनच उघडायची नाहीत.

पतसंस्थेतला_क्लार्क
आज स्वतः शाखेत जाऊन आलो, फोनवर "बिल्ड म्हणजे काय" यातच दहा मिनिटं गेली म्हणून. तीनपैकी एक २२६२१ आणि दोन १९०४५! म्हणजे दोन खरोखर १० च आहेत आणि बिलात मात्र ११. त्या दोघांत आय-३ सातव्या पिढीचा प्रोसेसर निघाला.

बिल्डनंबर_बघा
मग त्या दोघांवर सरळ मार्गाने ११ चढणार नाही, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढे लागतो, शिवाय टीपीएम २.० (मशीनमधली सिक्युरिटी चिप). संस्थांना १० चे जादा सिक्युरिटी अपडेट विकत मिळतात, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. त्यापेक्षा सप्लायरकडून बदलून घ्या, बिल तुमच्या हातात आहे. आणि तो २२६२१ वाला अपडेट करून टाका, ११ असलं तरी प्रोच्या २२एच२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ लाच संपलाय, ऑडिटवाला त्यावरही बोट ठेवेल.

फॉरमॅट_मार
मी पहिल्यालाच म्हणालो होतो पैसे अडवा 😎

पतसंस्थेतला_क्लार्क
दोनचेच अडवलेत 😀 सप्लायर म्हणतो गोडाउनमधून चुकून जुनी गेली, सोमवारी बदलून देतो. तक्त्यात मीच पेनाने बिल्डचा एक रकाना वाढवलाय, चालेल ना?