डेव्हिस कप: आशिया-ओशनिया गट मोडला ते बरं झालं की वाईट?

बाळीवेस_बॅकहँड

डेव्हिस कप म्हणजे पुरुषांची देशादेशांतली सांघिक टेनिस स्पर्धा; दोन देशांच्या एका लढतीत चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने असतात. सप्टेंबर 2025 मध्ये बिएलला, त्यांच्याच घरी, आपण म्हणजे भारतानं स्वित्झर्लंडला 3-1 हरवलं. तेव्हापासून सोलापुरातल्या टेनिसवाल्यांचा एकच सूर आहे की आशिया-ओशनिया गट गेला ते बरंच झालं. मला ते पटत नाही.

ज्यांना रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी आपण आशिया-ओशनिया गट एकमध्ये, म्हणजे आपल्या खंडाच्या सगळ्यात वरच्या क्षेत्रीय गटात खेळायचो. तिथं एक किंवा दोन लढती जिंकल्या की सप्टेंबरात वर्ल्ड ग्रुपचा, म्हणजे जगातल्या वरच्या संघांच्या गटात शिरायचा, प्लेऑफ मिळायचा. नोव्हेंबर 2019 मध्ये कझाकस्तानच्या नूर-सुलतानला पाकिस्तानशी झाली ती त्या गटातली आपली शेवटची लढत. त्यानंतर गट एक आणि दोनमधल्या खंडांच्या भिंती पाडल्या. आता क्षेत्रीय फेऱ्या उरल्यात त्या फक्त गट तीन आणि त्याखाली.

आता हिशोब बघा. 2014 ते 2018 या पाच वर्षांत क्षेत्रीय फेऱ्या आणि प्लेऑफ धरून आपण 12 लढती खेळलो, त्यातल्या 7 घरी: इंदूर, चंदीगड, पुणे, दिल्लीत दोन, बंगळुरूत दोन. 2020 ते 2025 मध्ये 10 लढती झाल्या आणि घरी फक्त 3: डेन्मार्क आणि टोगो दिल्लीत, मोरोक्को लखनौला. फेब्रुवारी 2017 मध्ये न्यूझीलंडविरुद्धची लढत पुण्याच्या बालेवाडीत झाली, म्हणजे सोलापूरच्या पोरांना एका दिवसात जाऊन बघून परत येता आलं. फिनलंडमधल्या एस्पूची किंवा नॉर्वेतल्या लिलेहामरची लढत बघायला आपलं कोण जाणार? गट एक परत क्षेत्रीय करा, घरच्या लढती वाढतील.

सातरस्ता_सर्व्ह

अण्णा, आकडे बरोबर आहेत, पण कारण चुकतंय. लढत कुणाच्या घरी हे खंडावर ठरत नाही. 1970 पासून दोन देश आधी भिडले असतील तर मागच्या वेळी ज्यानं यजमानपद केलं त्यानं यावेळी जायचं. आधी भेट नसेल तर चिठ्ठी. 1993 मध्ये स्वित्झर्लंड कोलकात्याला आलं होतं, म्हणून 2025 ला आपल्याला बिएलला जावं लागलं. क्षेत्रीय गट ठेवला असता तरी हाच नियम लागला असता.

आणि ती पाच वर्षं तुम्ही अर्धीच सांगितलीत. सलग पाच वेळा प्लेऑफला पोचलो हे खरं, पण पाचही हरलो: 2014 सर्बिया, 2015 चेक, 2016 स्पेन, 2017 कॅनडा, 2018 पुन्हा सर्बिया. वर्ल्ड ग्रुपमध्ये आपण शेवटचे 2011 ला होतो. म्हणजे कोरिया, न्यूझीलंड, उझबेकिस्तानला हरवायचं आणि वरच्या दारात आपटायचं, असं चक्र चाललं होतं. खालच्या फेऱ्यांतला दर्जा पोरांना वरच्या फेरीसाठी घडवतच नव्हता.

बिएलला काय झालं? क्रमवारीत सहाशेच्याही मागे असलेल्या दक्षिणेश्वर सुरेशनं पदार्पणातच जेरोम किमला सरळ सेटमध्ये उडवलं, आणि सुमित नागलनं हेन्री बर्नेटला हरवून लढत संपवली. युरोपात युरोपीय संघाला हरवायला आपल्याला 1993 च्या फ्रान्समधल्या फ्रेजूसच्या लढतीनंतर इतकी वर्षं लागली. हे वारंवार युरोपीय संघांसमोर उभं राहिल्यानं जमतं. दुबळ्या गटात राहून जमत नाही.

बाळीवेस_बॅकहँड

यजमानपदाचा मुद्दा मान्य, तो मागे घेतो. पण दर्जा म्हणाल तर फेब्रुवारी 2025 ला टोगो आला, आपण 4-0 जिंकलो. त्यातून कोण काय शिकलं? सगळे खंड एकत्र केल्यानं दर्जा आपोआप वाढत नाही, सोडत कशी निघते यावर आहे. त्यापेक्षा 2018 ची तियानजिनची लढत बघा. चीनविरुद्ध पहिल्या दिवशी 0-2 मागे पडून आपण 3-2 जिंकलो. आधी दुहेरीत पेस-बोपण्णा, मग एकेरीत रामकुमार, शेवटी प्रज्ञेश जिंकले. तशी कसोटीची लढत आशियातच मिळाली ना?

शिवाय प्रवास. जवळचे संघ, कमी खर्च, वेळेचा फरक कमी.

होटगीरोड

वेळेचा फरक कमी हा गैरसमज आहे. न्यूझीलंड फेब्रुवारीत आपल्यापुढे साडेसात तास असतं. सप्टेंबरात स्वीडन किंवा स्वित्झर्लंड आपल्यामागे साडेतीन तास, कोरिया-जपान पुढे साडेतीन तास. शरीराला पूर्वेकडे जाणं पश्चिमेकडे जाण्यापेक्षा जड जातं, कारण झोप लवकर आणावी लागते. ऑकलंडला शुक्रवारी सामना असेल आणि संघ सोमवारी उतरला, तर पहिले दोन सरावाचे दिवस जवळजवळ वाया जातात. स्टॉकहोमला तसं होत नाही. ‘आशिया-ओशनिया’ हा शेजार नव्हेच, लेबनॉनपासून न्यूझीलंडपर्यंतचा पसारा आहे तो.

बाळीवेस_बॅकहँड

हे मी असं मोजलं नव्हतं. ठीक आहे.

मुरूम_खडी

दोघंही एक गोष्ट सोडताय. यजमानपदाचा खरा फायदा म्हणजे कोर्ट निवडायचा हक्क, आणि तो आपण नीट वापरत नाही. घरच्या लढतीला कधी कधी गवत निवडतो. 2022 ला दिल्ली जिमखान्याच्या गवतावर डेन्मार्क 4-0 गेलं, मान्य. पण 2019 ला कोलकात्याच्या साउथ क्लबवर तेच गवत होतं आणि सेप्पी-बेरेत्तिनीच्या इटलीनं 3-1 हरवलं. आपली आजची पोरं गवतावर वर्षातून किती सामने खेळतात? त्यांचं वर्ष हार्ड कोर्टवर जातं. नागलसारखा बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) रॅली लांबवणारा खेळाडू असताना चेंडू सपाट घसरणारं गवत द्यायचं म्हणजे त्याचं हत्यार काढून घेणं आहे.

हार्ड कोर्टचा वेग बनवता येतो. वरच्या ॲक्रिलिक थरात सिलिका वाळू किती आणि किती जाड घालायची यावर सगळं. वाळू जास्त आणि भरड असेल तर चेंडू पकडतो, उंच उडतो, कोर्ट संथ होतं. बारीक आणि कमी असेल तर पळतं. आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ; त्याच्या कोर्टच्या वेगाच्या मोजणीत 29 पर्यंत संथ, 35 ते 39 मध्यम, 45 आणि वर जलद. नागलसाठी 30 ते 34 चं, म्हणजे मध्यम-संथ कोर्ट हवं. आणि अशी लढत सोलापूरसारख्या ठिकाणी का नको? कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होतातच. बंगळुरू 900 मीटरवर, तिथं हवा विरळ, चेंडू सुटतो. आपण त्याच्या निम्म्या उंचीवर. संथ कोर्ट जास्त संथ खेळेल.

सातरस्ता_सर्व्ह

मुरूमराव, संथ कोर्टचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सोलापूर सप्टेंबरात? आपला सगळ्यात जास्त पावसाचा महिनाच तो. लढतीच्या दुसऱ्या दिवशी दुहेरी आणि उलट एकेरी (प्रतिस्पर्धी बदलून पुन्हा दोन एकेरी) मिळून तीन सामने असतात, परतीचा पाऊस एकदा बसला की दिवस गेला.

मुरूम_खडी

म्हणून फेब्रुवारी म्हणतोय. आणि पावसापेक्षा मोठी अडचण जमिनीची आहे, ती सांगतो, कारण इथं नवीन कोर्ट बांधायची चर्चा निघाली की कुणी ती काढत नाही.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच मातीवर कोर्ट टाकलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत कडेपासून आत येणारी लांब भेग दिसणारच. वरून भेग भरून रंग मारला की पुढच्या मेमध्ये ती तिथंच उघडते, कारण दोष खाली आहे.

काळी माती पूर्ण काढायची, पक्का मुरूम लागेपर्यंत. दोन-तीन फूट सहज जातं. मग बाहेरून आणलेला मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. एकदम दीड फूट ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा थर पोकळच राहतो. चारी बाजूंनी चर काढायचा, कारण कडेची माती ओली-कोरडी होत राहिली की कोर्टचा काठ उचलतो. वर खडी, मग काँक्रीट किंवा डांबर. उतार एकाच बाजूला, 100 ला 1. जाळीपाशी उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार देणं चूक, अर्ध्या कोर्टात चेंडू वेगळा उसळतो. काँक्रीटला 28 दिवस पाणी द्या, नीट वाळू द्या, मगच ॲक्रिलिक. ओल अडकली तर वाफेनं फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. मेच्या दुपारी रंग ओढायचाच नाही, पसरण्याआधीच तो सुकतो आणि पट्टे राहतात. पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आटपायचं.

जागा मोजताना 23.77 बाय 10.97 मीटर एवढंच बघू नका. आंतरराष्ट्रीय सामन्याला बेसलाइनमागे 6.40 आणि बाजूला 3.66 मीटर मोकळं लागतं. म्हणजे एका कोर्टला सुमारे 36.6 बाय 18.3. इथंच पुष्कळ क्लबांची कोर्ट बाद होतात.

होटगीरोड

फेब्रुवारीला अजून एक जमेची बाजू आहे. त्याच सुमारास भारतात चॅलेंजर म्हणजे व्यावसायिक टेनिसच्या दुसऱ्या पातळीच्या स्पर्धा असतात, पुण्यातही झाल्या आहेत. खेळाडू इथंच असतात, त्यांना वेगळा प्रवास पडत नाही. पाहुण्या संघाला मात्र पुण्याहून अडीचशे किलोमीटर यावं लागेल. वंदे भारत आहे, रस्ताही चांगला आहे, पण एवढा प्रवास ते आयटीएफकडे अडचण म्हणून मांडतील.

बाळीवेस_बॅकहँड

भारताच्या लढतीसाठी मोठी गॅलरी आणि टीव्ही लागतो, ते सोलापूरला जड जाईल. पण गट तीन बघा, तो अजून क्षेत्रीय आहे. एकाच गावात आठवडाभर, एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी, सगळं एकाच दिवशी. आठ संघ, चार-चार संघांचे दोन पूल (साखळी गट) धरले तर रोज चार लढती, म्हणजे 12 सामने. साखळीचे तीन दिवस आणि बढतीचा एक, मिळून 48 सामने. चार सारखी कोर्ट असतील तर प्रत्येक लढतीला एक कोर्ट, सकाळी दहाला सुरू करून संध्याकाळी संपतं. दिवे लागले तर 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात. हे सोलापूरला झेपण्यासारखं आहे.

सातरस्ता_सर्व्ह

झेपेल, पण भारत त्या गटात नाही. यजमान देश खेळत नसेल तर बघायला कोण येणार? आणि त्या आठवड्याच्या पद्धतीला माझा मुळातून विरोध आहे. छोट्या देशाकडे दोनच चांगले खेळाडू असतात. तेच एकेरी, तेच दुहेरी, सलग चार दिवस. तिसऱ्या दिवशी खांदा बोलायला लागतो. घर-परदेश पद्धतीत, म्हणजे दोघांपैकी एका देशात लढत होते तेव्हा, तीच दोन माणसं दोन दिवसांत विभागून खेळतात.

बाळीवेस_बॅकहँड

सर, मालदीव किंवा भूतानला घर-परदेश लावलं तर विमानाच्या तिकिटातच त्यांचं वर्षाचं बजेट संपेल. एका आठवड्यात त्यांना चार लढती मिळतात, घर-परदेशात वर्षाला दोन. गट एकबद्दलचं माझं म्हणणं अर्धं ढासळलं, कबूल करतो. खालच्या गटांच्या क्षेत्रीय फेऱ्या मात्र आहेत तशाच राहाव्यात, यावर मी ठाम आहे.

सातरस्ता_सर्व्ह

मग एक दिवस मोकळा द्या. साखळीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसामध्ये सुटी. यजमानाला एका रात्रीचा खर्च वाढेल. पण तीन संघ बरोबरीत आले तर जिंकलेले सामने, मग सेट, मग गेम यांच्या टक्केवारीवर क्रम ठरतो. थकलेल्या माणसानं तिसऱ्या सेटमध्ये 0-6 सोडला तर तेवढ्यानं संघ बढतीतून बाहेर जातो.

मुरूम_खडी

सुटी द्यायची असेल तर चार सामन्यांची कोर्ट आणि वर दोन सरावाची, अशी सहा लागतील. त्या दिवशी आठही संघ सरावाला उतरणार. चारांतच भागवलं तर एका कोर्टवर दोन संघांना वेळ वाटून घ्यावा लागेल.