अनुभव धागा : ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय?’ यावर काय चालतं, काय चालत नाही

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून वा सांगून ठेवलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून त्याला उत्तर दिलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, तेव्हा अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. म्हणजे वरचा प्रश्न दर जूनला वर्गात येणारच.

देव आहे की नाही, यासाठी हा धागा नाही. जे हा विषय शिकवतात, त्यावर बोलतात किंवा त्यात काम करतात, त्यांनी आपल्या हातातलं एखादं साधन नेमकं लिहावं: कसं करायचं, कुठे फसतं, कुठवर पुरतं. आपबीती नको, कृती हवी.

चौथा_तास

आधी भिंतीवरचं ते चित्र काढा, वाकलेलं माकड हळूहळू ताठ होत माणूस बनतं ते. निम्मा घोळ त्याचाच आहे. फळ्यावर फांदी काढा: एक खोड, साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दुभंगलेलं, एका टोकाला चिंपांझी, दुसऱ्या टोकाला आपण. आजच्या माकडाचा माणूस होतो असं कुणी म्हणतच नाही, तेव्हा पाहणार कोण?

मग नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला साजेसे टिकतात आणि वाढतात ते, दाखवायला टिकल्यांचा खेळ. चार रंगांचा घोटीव कागद, पंचिंग मशीनने प्रत्येक रंगाच्या २५ टिकल्या, एकूण १००. साधारण मीटरभर फुलाफुलांची चादर. टिकल्या विखरायच्या. पाच मुलं म्हणजे पाच पक्षी. प्रत्येकाने पाठ करून उभं राहायचं, वळायचं, पहिली दिसेल ती एकच टिकली उचलायची, पुन्हा पाठ. प्रत्येकी १५ झाल्या की थांबा. उरल्या २५. प्रत्येक उरलेल्या टिकलीमागे त्याच रंगाच्या तीन नव्या टाका, पुन्हा १००. अशा तीन पिढ्या, आणि दर पिढीला रंगांची मोजणी फळ्यावर. त्यासाठी प्रत्येक रंगाच्या शंभरेक टिकल्या डबीत जास्तीच्या हव्यात.

फसतं कुठे? एक, टिकल्यांऐवजी मूग-मसूर-वाटाणा घेतला तर बोटं रंग सोडून आकार निवडतात, वाटाणा आधी संपतो. दोन, पोरं मूठ मारतात. मूठ मारली की रंगाला किंमत उरत नाही, आकडे कसेही येतात. तीन, पक्षी जास्त धीट निघाले आणि मागे चार-पाचच टिकल्या राहिल्या, तर पुढची पिढी कोणत्या रंगाची हे नशीब ठरवतं, निवड नाही. तेही खरंच घडतं, पण तो वेगळा धडा, त्याच तासात कालवू नका. जमलं तर दुसऱ्या वर्गाला वेगळ्या छापाची चादर द्या. तिथे जिंकणारा रंग बदलतो, आणि ‘सर्वांत बलवान टिकतो’ हे वाक्य आपोआप गळून पडतं.

मर्यादा: यात नवा रंग जन्माला येत नाही. हुशार मूल हे विचारतंच, आणि त्याचा प्रश्न बरोबर असतो.

मखमल_आणि_आगर

त्या हुशार मुलासाठी लेडरबर्ग या जिवाणू-अभ्यासक दांपत्याचा १९५२ चा प्रयोग. शाळेत करू नका, महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतच करा, आणि निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूच घ्या. ‘गरज पडली म्हणून जिवाणूने स्वतःला बदललं’ की ‘बदल आधीच होता, औषधाने फक्त तो निवडला’, एवढा एकच प्रश्न तो सोडवतो, पण साफ सोडवतो.

पेट्री डिशपेक्षा (जिवाणू वाढवायची चपटी बशी) किंचित लहान लाकडी किंवा धातूचा गोल ठोकळा घ्या, त्यावर मखमल ताणून कड्याने घट्ट बसवा. मखमल आधी १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, २० मिनिटं निर्जंतुक करा आणि पूर्ण वाळू द्या. मूळ डिशवर दाट वाढ हवी. डिश उलटी करून मखमलीवर हलकी टेकवा, उचला. त्याच मखमलीवर आता औषध (प्रतिजैविक) घातलेल्या आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, दोन-तीन डिश, एकामागून एक, त्याच दिशेने टेकवा. रात्रभर ३७ अंशांवर. जिवाणूंच्या मोजक्या वसाहती (ठिपके) उगवतात, त्या सगळ्या डिशवर एकाच जागी. म्हणजे औषध न पाहिलेल्या मूळ डिशवर त्या जागी प्रतिकारक जिवाणू आधीच बसलेले होते.

नव्वद टक्के वेळा बिघडतं ते दोन कारणांनी. आगर ओलं राहतं, मग ठसा फासतो आणि जागा जुळत नाहीत: डिश ओतल्यावर झाकण किलकिलं ठेवून नीट सुकवा. दुसरं, दिशेची खूण विसरते: प्रत्येक डिशच्या तळाला आणि ठोकळ्याला मार्करने एकच रेघ मारा. जोरात दाबू नका, मखमलीचे केसच काम करतात.

‘पण जिवाणू जिवाणूच राहिला ना?’ हो, राहिला. माशापासून बेडूक याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही, तसं भासवू नका. त्यासाठी खडकांकडे जा.

काळा_फत्तर

खडकांच्या बाजूने आधी एक तक्रार. दहावीच्या धड्यात पुराजीवशास्त्रीय पुराव्यांच्या शेजारीच कार्बनी वयमापन आहे. मुलं डायनासोरचं वय कार्बनने काढतात असं धरून चालतात, आणि सृष्टिवादी मंडळी (देवाने सजीव आहेत तसेच घडवले असं मानणारी) नेमकी तिथेच पकडतात. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा भाग संपायला लागणारा काळ, ५७३० वर्षं. दहा अर्धायुष्यांत, म्हणजे ५७,३०० वर्षांत, १०२४ मधला एक भाग उरतो. त्यापुढे बाहेरून लागलेला चिमूटभर नवा कार्बनही उत्तर नासवतो. पन्नासेक हजार वर्षांपलीकडे ही पद्धत बाद.

आपल्या पायाखालचा दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. त्याला पोटॅशियम-४० लागतं, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातला साधारण ११ टक्केच भाग आर्गॉन होतो, बाकीचा कॅल्शियम. हे विसरून अर्धायुष्याचं साधं सूत्र लावलं की हिशेब चुकतो. नमुना घेताना खडकाचा ताजा गाभा फोडून घ्यायचा. पोकळ्यांत चकाकणारे जे झिओलाइट खनिजाचे स्फटिक पुणे-नाशिककडे विकायला असतात, ते लाव्हा थंड झाल्यानंतर पाण्याने आणून बसवलेले आहेत, ते नमुन्यात आले की वय बिघडतं. कुजट तपकिरी खडकातून आर्गॉन निसटलेला असतो, वय कमी येतं.

उलट बाजूचा आक्षेप नेहमीचा: ‘कालच्या लाव्हाचं वय याच पद्धतीने लाखांत आलं!’ येऊ शकतं. लाव्हात अडकलेला थोडा जादा आर्गॉन नव्या खडकाला फार जड जातो. पण समजा चूक चार लाख वर्षांची, तर तीच ६ कोटी ६० लाखांत एक टक्काही नाही. आज आर्गॉन-आर्गॉन आणि झिरकॉन या खनिजातलं युरेनियम-शिसं, दोन्ही वेगळ्या घड्याळांनी पडताळतात.

आता दोन वस्तू. पहिली चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची, डायनासोरची दगड झालेली विष्ठा. तिच्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी गवत डायनासोरनंतर पसरलं असं मानत. हे उदाहरण मी मुद्दाम पुढे करीन, कारण नवा पुरावा आला की पुस्तकातलं वाक्य बदलतं हे त्यात उघड दिसतं.

दुसरी जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटची. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड अमेरिकेत जीवाश्मतज्ज्ञ थेविसन यांच्या प्रयोगशाळेत साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली भिंत जाड. ही जाड भिंत म्हणजे देवमाशाची ओळख. प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा: इंडोहायस, ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. २००७ मध्ये जाहीर झालं. पायाची हाडंही जड, पाण्यात तळाला पाय टेकून चालणाऱ्यांची असतात तशी. कच्छमध्ये अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात जुने देवमासे वर्णिले होतेच. ‘मधला दुवा दाखवा’ म्हणणाऱ्यापुढे हे कान ठेवावेत. इंडोहायस देवमाशांचा थेट पूर्वज आहे असं मात्र म्हणू नका, जवळचा भाऊबंद म्हणा. तो दुवा दिला की दोन्हीकडे एकेक नवी फट मागितली जाणार, त्याची तयारी ठेवा.

वारूळ

सभेत हमखास दोन गोष्टी येतात. पहिली, दशावतार म्हणजेच उत्क्रांती. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम ऐकायला छान बसतो. पण हे अवतार एकमेकांपासून जन्मलेले नाहीत, एकच विष्णू दरवेळी नवं रूप घेतो. वंश नाही, पिढ्या नाहीत, निवड नाही. शिवाय पहिले चारही एकाच कृतयुगातले. तुलना करणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो, म्हणून टाळी वाजवून सोडून देतात. मला ते पटत नाही. दोन्हींची चव जाते.

दुसरी जास्त वजनदार: ‘घड्याळ आहे तर घड्याळजी हवा.’ हे इंग्रज धर्मपंडित पेलीने १८०२ मध्ये मांडलं म्हणून ते परदेशी समजू नका. नैयायिकांचं (न्यायदर्शनाच्या पंडितांचं) घट आणि कुंभार त्याहून कितीतरी जुनं, आणि उदयनाचार्यांनी त्याला पैलू पाडले. जग हे कार्य, म्हणून त्याला कर्ता. पण त्यांच्याआधीच बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने यात पाचर मारलेली आहे: घट मातीचा आणि कुंभाराने केलेला, एवढ्यावरून मातीचं ते सगळं कुंभाराचं ठरवलं तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल. तेव्हा सभेत ‘तुम्ही परक्यांचं ऐकता’ असं कुणी म्हणालं, तर हे घरातलं भांडण पुढे ठेवा. मीमांसक, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणारे दार्शनिक, तर वेद प्रमाण मानूनही सृष्टिकर्ता नाकारतात. कुमारिलभट्टांचा प्रश्न साधा आहे: हेतू असल्याशिवाय मूर्खसुद्धा कामाला लागत नाही, मग ईश्वर कशासाठी लागला? सांख्यांची जुनी मांडणीही ईश्वरावाचून चालते.

यातून डार्विन सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की ‘कर्ता मानला नाही तर धर्म बुडाला’ ही परंपरेची एकमुखी भूमिका कधीच नव्हती.

वसईकर

आम्हा कॅथलिकांकडे पालकांनी विचारलं तर दोन तारखा पुरतात. १९५०: पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्पत्तीबद्दल उत्क्रांतीवर अभ्यास-चर्चा करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून. १९९६: जॉन पॉल दुसरे म्हणाले, हा आता निव्वळ तर्क उरलेला नाही. सहा दिवसांची सृष्टी अक्षरशः धरणारे मुख्यतः काही प्रोटेस्टंट पंथांत आहेत. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक उत्क्रांती मानत नाहीत’ असं सरसकट बोलू नका.

पेनसिल्व्हेनियाकर

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी पालकांसाठी. डोव्हरच्या शाळा मंडळाने नववीला ‘इंटेलिजंट डिझाइन’चं (सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली, या दाव्याचं) निवेदन वाचून दाखवायचं ठरवलं, अकरा पालक कोर्टात गेले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल दिला: हे विज्ञान नाही, सृष्टिवादच आहे. निर्णायक ठरले शिफारस केलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये शाळांतला सृष्टिवाद घटनाबाह्य ठरवल्यावर ‘क्रिएशनिस्ट’ शब्द काढून ‘डिझाइन प्रोपोनंट’ बसवला होता, आणि एका ठिकाणी दोन्हींची अर्धवट खिचडी तशीच राहून गेली होती.

लक्षात ठेवा: अपील झालं नाही, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या न्यायालयीन जिल्ह्याबाहेर निकाल बंधनकारक नाही. खासगी शाळा, घरची शाळा, मंदिराचा रविवारचा वर्ग यांना तो लागूच नाही. शाळेशी बोलायचं तर निकाल फडकवण्याआधी राज्याचे विज्ञान निकष छापून न्या, मुख्याध्यापक त्यालाच बांधलेले असतात.

हाडवैद्य

साधनसामग्री शून्य असेल तर हात पुढे करा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येते. काहींना ती नसते, काहींना एकाच हाताला असते. नसलेल्यांची पकड काही कमी नसते, म्हणून शल्यचिकित्सक दुसरीकडे कंडरा जोडायला हीच काढतात. दोरी नसलेलं मूल वर्गात घाबरतं, त्याला आधी सांगून ठेवा. ही दोरी आंत्रपुच्छापेक्षा (अपेंडिक्सपेक्षा) बरी, कारण आंत्रपुच्छाचं नाव काढलं की ‘त्याचाही उपयोग सापडलाय’ हे उत्तर तयारच असतं. अवशेषांग म्हणजे निरुपयोगी, ही व्याख्याच चूक आहे. मूळ काम गेलं किंवा घटलं, एवढाच त्याचा अर्थ.

बारावीच्या वर्गाला क जीवनसत्त्वाचं द्या. बकरी ते स्वतःच्या यकृतात बनवते, आपल्याला आवळा-लिंबू खावं लागतं. शेवटची पायरी करणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडकं. चिंपांझीतही ते मोडकंच, आणि बऱ्याच ठिकाणी मोडतोड तीच. गिनीपिगमध्येही मोडलंय, पण वेगळ्या तऱ्हेने. कुणी म्हणालं, ‘देवाने असंच मोडकं दिलं असेल’, तर त्याला प्रयोगशाळेत उत्तर नाही आणि शोधूही नका. विचारा इतकंच, की मग गिनीपिगची मोडतोड वेगळी का?

चौथा_तास

@हाडवैद्य, मनगटाची दोरी टिकल्यांच्या आधी घेतली तर वर्ग ३५ मिनिटांत आटोपतो. पाच मिनिटं मोजणीला ठेवा, नाहीतर आकडे फळ्यावर येण्याआधी घंटा होते.