आजी दारात आली आणि मी पोरीला मागं पाठवलं. आता ती पोरगी माझ्याशी बोलंना

खडूवाली:
नमस्कार सगळ्यांना. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून लागलेय, शिक्षण सेविका, महिना 16 हजार मानधन. परभणी जिल्ह्यातलं गाव, झेडपीची चौथीपर्यंत शाळा, आम्ही दोघंच शिक्षक. मी लातूर शहरात वाढले, शाळा कॉलेज डीएड सगळं तिथंच, खेड्यातलं काहीच माहीत नव्हतं हे आधीच कबूल करते. पोस्ट लांब झालीय, सांभाळून घ्या.

तिसरी-चौथी मिळून 23 लेकरं माझ्याकडं. काही गावातली, काही बुद्धनगरातली, काही दीड किलोमीटरवरच्या तांड्यावरची. पहिल्या दिवशी बघितलं तर वर्गात तीन सतरंज्या आणि पोरं तिन्हीवर छान वाटून बसलेली, मला वाटलं मित्र मित्र बसलेत. पाण्याच्या जारला एक स्टीलचा ग्लास साखळीनं बांधलाय. निम्मी लेकरं त्या ग्लासनं पाणी पितात आणि निम्मी नळाखाली ओंजळ धरतात. कुणी कुणाला अडवत नाही, कुणी काही बोलत पण नाही. मी आठ दिवस रोज बघत होते आणि मला वाटत होतं की लेकरांच्या सवयी असतील एकेक. मग एक दिवस लक्षात आलं की ओंजळवाले सगळे दुसऱ्या आणि तिसऱ्या सतरंजीवरचेच आहेत.

आता मुद्दा. तांड्यावरची एक पोरगी आहे चौथीत, एकोणतीसपर्यंत पाढे पाठ, गणितात एक नंबर. पहिल्या सतरंजीवरच्या एका मुलीला हातच्याची वजाबाकी जमंना म्हणून मी हिला तिच्या शेजारी बसवलं. दोन दिवस मस्त चाललं, दोघी डोक्याला डोकं लावून खुसफुसायच्या. तिसऱ्या दिवशी गावातल्या मुलीची आजी दारात. भांडली नाही, आवाज पण चढवला नाही, एवढंच म्हणाली, म्याडम आमच्या लेकराच्या डोक्यात उवा होतील, त्या पोरीला तिच्या जागेवर बसवा. आणि मी काय केलं तर त्या पोरीला म्हणाले, जा गं बाळा मागं. तिनं दप्तर उचललं अन् गेली. आजी पण गेली. मी फळ्याकडं तोंड करून उगाचच तारीख पुसून परत लिहिली.

तीन आठवडे झाले. ती हात वर करत नाही, हजेरीला नुसती मान हलवते. विचारलं तर उत्तर पाठ असूनही गप्प. तिच्याशी परत कसं नीट करू? आणि आजीचं काय करू?

अजून एक, म्हणजे आधी सांगायला पाहिजे होतं. मला गावात खोली लगेच मिळाली. घरमालकानं आडनाव, गाव विचारलं, पाव्हणे कुठले विचारलं, झालं. माझे सहकारी सर पाच वर्षांपासून तालुक्याहून रोज गाडीवर ये-जा करतात, एका बाजूला 22 किलोमीटर. मी भोळेपणानं विचारलं, सर गावातच का नाही राहत, तर ते हसले आणि म्हणाले आडनाव जरा अवघड आहे आमचं. ते बौद्ध आहेत.

गोदाकाठचा_गुर्जी:
ताई, पुढच्या वर्षी रिटायर होतोय, त्यामुळं मोकळं बोलतो. आजी आली तेव्हा तुमची चूक झाली पण तशी पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्यांची होते, फक्त बाकीचे कबूल करत नाहीत.

एका पोरीला उचलून पुढं आणलं की गाव ते बघतं, म्हणून एकटीला हलवू नका, सगळ्यांनाच हलवा. दर सोमवारी चिठ्ठ्या काढायच्या, चिठ्ठी लेकरांनीच काढायची, ज्याला जी सतरंजी येईल त्यानं आठवडाभर तिथं बसायचं. मी बावीस वर्षं हेच करतोय. पालक आला की चहा पाजायचा आणि सांगायचं, दादा माझ्या हातात काही नाही, चिठ्ठीत निघालं, पुढच्या सोमवारी बदलंल. झाडू मारणं, सतरंज्या झटकणं, खिचडीची ताटं मांडणं, सगळं चिठ्ठीवर. झाडूचं तर आधी बघा, तुमच्या वर्गात झाडू कोण मारतंय ते एक आठवडा नुसतं लिहून ठेवा, तुम्हालाच दिसंल. आणि तो ग्लास आजच्या आज साखळीवरून सोडवा. एकतर दहा ग्लास आणा नाहीतर एक पण नको, सगळे ओंजळीनं पितील.

एक जुनी गोष्ट सांगतो. 1978 ला मी चौथीत होतो. 27 जुलैला विधानसभेत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि नंतर आपल्याकडं काय झालं ते जुन्या लोकांना माहीत आहे. आमच्या गावातल्या दलित वस्तीतली घरं जळाली. शाळा भरली तेव्हा माझ्या शेजारची तीन पोरं नव्हती. मास्तरांनी हजेरी घेतली, ती तीन नावं आली, गैरहजर म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं. बास. नामविस्तार व्हायला 1994 उजाडलं, तोवर मी स्वतः मास्तर झालो होतो, पण ती हजेरी अजून कानात आहे. ती तीन पोरं परत शाळेत आलीच नाहीत.

रोखठोक_जालना:
ताई, सगळे तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतील. तुम्ही तीन वर्षं शिक्षण सेविका, अजून कायम नाहीत. 2023 पासून आपल्याकडं आरक्षणावरून वातावरण काय आहे ते बघायलाव ना, चौथीतली पोरं मधल्या सुट्टीत घोषणा देतात. तुम्ही जागा बदलली की उद्या कोणतरी व्हिडिओ काढून व्हॉट्सअपवर टाकणार, शाळा व्यवस्थापन समितीत तक्रार, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. नोकरी करा, चांगलं शिकवा, पोरगी हुशार असंल तर मागं बसून पण शिकंल.

वर्ग_दुसरा_तुकडी_ब:
रोखठोक दादा, भीती खोटी आहे असं नाही म्हणत, पण भिऊन त्या पोरीला मागं ठेवलं तर तो पण भेदभावच, आणि तो मग ताईंच्या नावावर. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009, त्याचं कलम 17 बघा, मारायला तर बंदी आहेच पण मानसिक छळाला पण आहे. वंचित गटातल्या लेकराशी शाळेत भेदभाव होणार नाही हे बघायची जबाबदारी कलम 9 नं स्थानिक प्राधिकरणावर टाकलीय, म्हणजे आपली झेडपीच. मग समितीत तक्रार गेलीच तर कायदा कुणाच्या बाजूला आहे?

गुर्जींची चिठ्ठी मला अर्धीच पटली. व्यवस्था म्हणून झकास. पण पालकाला माझ्या हातात काही नाही असं सांगणं म्हणजे पळवाट झाली. कधीतरी एकदा सरळ सांगावं लागंल की माझ्या वर्गात कोण कुठं बसणार हे मी ठरवते. आज नको, ओळख झाल्यावर, पण सांगावं लागंल.

गोदाकाठचा_गुर्जी:
बरोबर आहे. मी पहिली चार वर्षं चिठ्ठीमागंच लपलो होतो, नंतर धीर आला.

तांड्यावरचा:
मी ती पोरगी होतो असं समजा, फक्त मुलगा आणि तीस वर्षांपूर्वी. आता संभाजीनगरला बँकेत आहे.

मागं बसायचं एवढं वाईट वाटत नाही हो म्याडम, आम्ही मागंच बसायचो, सवय होती. वाईट वाटतं ते दोन दिवस पुढं बसवून परत मागं पाठवलं त्याचं. आणि बाळा म्हणून पाठवलं त्याचं अजून. रागावून पाठवलं असतं तर तिला तुमचा राग तरी धरता आला असता.

माझ्या बहिणीला उपस्थिती भत्ता मिळायचा, दिवसाला एक रुपया, 1992 ची योजना ती. आमचे मास्तर पैसे आले की वर्गात उभं करून नावं वाचायचे, मोठ्यानं, जातीसकट. योजना चांगली, एक रुपयात तेव्हा वही यायची, पण ती त्या दिवशी शाळेत जायचीच नाही, पोटात दुखतंय म्हणायची. गणवेशाचं पण तसंच होतं, मुलींना सगळ्यांना मिळायचा पण मुलांत ठरावीकच, मग बाकीचे फुकट कपडे म्हणून चिडवायचे. 2023-24 पासून सगळ्या मुलांना द्यायला लागले तेव्हा मला बातमी वाचून उगाच बरं वाटलं. म्हणून सांगतो, जातीचा दाखला, फॉर्म, बँक पासबुक, हे वर्गात मागू नका. पालकाकडं मागा, नाहीतर एकटीला बोलावून.

अजून एक, पेन्सिल हरवली की पहिलं दप्तर कुणाचं तपासलं जातं ते बघा. आम्ही विमुक्त जातीत येतो, पूर्वी गुन्हेगार जमात म्हणून शिक्का होता तो कायदा 1952 ला गेला. पण माझं दप्तर 1995 ला पण सगळ्यात आधी उपडं व्हायचं.

तिच्याशी काय करायचं. वर्गासमोर माफी बिफी मागू नका, तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. एकटीला सांगा की त्या दिवशी मी चुकले. चार शब्द, पुढं लांबण लावू नका आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षा पण ठेवू नका. आणि एकदा तांड्यावर जा, फोटो न काढता. तिच्या याडीला भेटा. याडी म्हणजे आई. घरी आम्ही गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतो, पहिलीत मला मराठीच येत नव्हती, मास्तर म्हणायचे मठ्ठ आहे. एखादा शब्द तुम्ही तिच्याकडून शिका, चुकीचा बोला, तिला हसू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. आईबाप ऊसतोडीला जातात का विचारा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली असंल तर दसरा झाला की कोयता निघाला, मग मार्च-एप्रिलपर्यंत पोरगी फडावर. तुम्हाला वाटतंय वर्षभर वेळ आहे, तसं नाही. हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवायची सोय, गावात सुरू होणार का ते आत्ताच विचारा, आणि गेलीच तर शिक्षण हमी कार्ड हातात देऊन पाठवा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तरी बसवून घेतील.

उदगीरची_माय:
मी पालक आहे, शिक्षक नाही. ती आजी उवा म्हणाली ना? मग धरा तिचाच शब्द. सगळ्या वर्गाचा उवांचा शनिवार करा, फणी आणि औषध, सगळ्यांच्या डोक्याला, पहिल्या सतरंजीपासून सुरुवात. आजीच्याच नातीच्या डोक्यात निघतात का नाही बघा 😀 माझ्या पोरीला तिच्या मावसबहिणीकडून झाल्या होत्या.

खडूवाली:
सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहायलेय, जे झालं ते सांगते.

ग्लास सोडवला. बाजारातून बारा आणले, 420 रुपये, माझेच. पहिले दोन दिवस ओंजळवाली लेकरं ओंजळीनंच पीत होती, ग्लासकडं बघत पण नव्हती. मग मी स्वतः रांगेत उभी राहून कुणीतरी वापरून ठेवलेल्या ग्लासनं पाणी पिलं. त्यानंतर एकानं घेतला. सगळ्यांनी अजून नाही.

चिठ्ठ्या सुरू केल्यात. सरांना म्हणाले तुमच्या वर्गात पण करूया, तर म्हणाले म्याडम सुरुवात तुम्ही करा, मी केलं तर त्यांचाच आहे म्हणून करायलाय म्हणतील. मला काय बोलावं सुचलंच नाही. आता त्यांनी पण चालू केलंय, माझ्यानंतर एका आठवड्यानं.

उवांचा शनिवार पण झाला. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही सतरंज्यांवर निघाल्या, सगळ्यात जास्त कुणाच्या ते इथं लिहीत नाही, माय तुम्ही ओळखलंच असंल.

तिला एकटीला बोलावून सांगितलं, मी चुकले. ती जमिनीकडं बघत होती, मग म्हणाली, जाऊ का? मी म्हणाले जा. बास, एवढंच. रविवारी तांड्यावर गेले. याडीनं चहा केला, बिनदुधाचा. तारो नाम कांई छ असं विचारलं तर दारातली सगळी लेकरं फिदीफिदी हसली, ती पण हसली पण माझ्याकडं बघून नाही.

उचल घेतलीय, तांड्यावरचा दादा, तुम्ही म्हणालात तसंच. कर्नाटकातल्या कारखान्यावर जायलेत. वसतिगृहाचं केंद्रप्रमुखांना विचारलं तर प्रस्ताव पाठवलाय म्हणाले. तिची आई म्हणते आजी-आजोबा थकलेत, हिला ठेवू कुणाकडं, धाकट्याला सांभाळायला पण हीच लागते. हमी कार्ड दाखवलं तर विचारलं तिकडं कन्नड शाळा असती, हे कार्ड तिथं चालतं का. मला माहीत नाही. कुणाला माहीत असंल तर सांगा, दसऱ्याला अठरा दिवस राहिलेत.

आणि परवाच्या चिठ्ठीत ती आणि आजीची नात एकाच सतरंजीवर आल्या. मी काही केलं नाही, खरंच चिठ्ठीत निघालं. आजी अजून आलेली नाही. दाराकडं लक्ष आहे माझं.