शिक्षकांना काम कमी, सुट्ट्या जास्त: खरंच का?

दोनशिक्षकी
परवा एसटीत शेजारचे काका म्हणाले, "तुमचं बरंय मॅडम. साडेदहा ते पाच, वर मे महिना मोकळा." माझा थांबा आला, उतरले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट 38, शिक्षक दोन. एवढ्या पटाला मुख्याध्यापकाचं वेगळं पद मिळत नाही, तो प्रभार माझ्याकडेच. गेल्या मंगळवारी सर बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाच्या, बैठकीला तहसीलमध्ये, म्हणजे पाचही वर्ग माझ्याकडे. परिपाठ झाला, हजेरी घेतली: 34. मुलामागे 100 ग्रॅमप्रमाणे 3 किलो 400 ग्रॅम तांदूळ स्वयंपाकाच्या ताईंना मोजून दिला. डाळ, तेल दिलं, नोंदवही लिहिली. दुसरीला हातच्याची बेरीज शिकवायला घेतली. दहा काड्यांचा गठ्ठा बांधून दाखवत होते, तेवढ्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर मेसेज: आधार न जुळलेल्या मुलांची माहिती 12 च्या आत पाठवा. आमच्याकडे रेंज फक्त शाळेमागच्या चिंचेखाली. तिथे पाऊण तास गेला. परत आले तर गठ्ठा सुटलेला, आणि एक मुलगी एकटीच काड्या मोजत बसलेली. हातचा त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. त्याच कायद्यात आमचा आठवडा 45 तासांचा धरलाय, पाठाच्या तयारीसकट. ती तयारी मी रात्री भांडी आवरल्यावर करते.

कोरडवाहू
मॅडम, तुमचा मंगळवार खरा असेल. आता माझ्या गावातला ऐका. गुरुजी तालुक्याहून येतात, अकरा वाजतात. साडेचारला गाडीला किल्ली. गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता मात्र दर महिन्याला. आमदार प्रशांत बंब यांनी 2022 मध्ये विधानसभेत हेच विचारलं, तर शिक्षकांनी मोर्चे काढले. पण प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं? माझा पोरगा चौथीत आहे. 'पुस्तक' वाचताना 'पुसतक' म्हणतो. आमचा कापूस पावसात भिजला तर आम्हाला कुणी भत्ता देत नाही. तुमचा पगार माझं पोरगं वाचो न वाचो, होतोच.

पुणेकर_क्यूए
काम कुणाला नसतं? आमच्याकडेही रात्री अकराला कॉल असतात. सलग महिनाभर सुट्टी दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळते, तेवढं सांगा.

बिनपगारी
इथे सगळे 'शिक्षक' म्हणजे सातवा वेतन आयोग धरून बोलताय. मी विनाअनुदानित तुकडीवर 11 वर्षं शिकवतोय. टप्पा अनुदानाची, म्हणजे टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या सरकारी पैशाची, वाट बघण्यात लग्नाचं वय गेलं. सुट्टीत द्राक्षाच्या बागेत मजुरीला जातो, माझे विद्यार्थीही तिथेच कामाला असतात. आणि शिक्षणसेवक, म्हणजे नव्याने लागलेले शिक्षक? तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला ते महिना 6,000 होतं, 2023 मध्ये 16,000 झालं. सहा हजारात खोलीभाडं देऊन माणूस काय खात असेल, याचा विचार भत्त्यावर बोलणाऱ्यांनी करावा.

दोनशिक्षकी
पुणेकर, सुट्टी मुलांना असते म्हणून आम्हाला असते. तिच्या बदल्यात इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा आम्हाला नाही. वडील ऐन नोव्हेंबरमध्ये दवाखान्यात होते, तेव्हा ते नीट कळलं.

कोरडवाहू दादा, अकराला येणाऱ्या गुरुजींची बाजू मी घेणार नाही. अशा एकामुळे आम्ही दहा जण बोलणी खातो, पण तुमच्या पोराचं नुकसान त्याहून मोठं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सदस्य पालकच असतात. तिथे लेखी मांडा, इतिवृत्तात घ्यायला लावा. भत्त्याचं म्हणाल तर मीही 22 किलोमीटरवरून येते, गावात भाड्याने खोली मिळाली नाही. भत्ता घेते. तो पेट्रोलवर जातो हे काही उत्तर नव्हे, कबूल आहे.

पोराचं मात्र हातातलं आहे. त्याला आधी 'पुस्' म्हणून थांबायला सांगा, मग 'तक'. पाटीवर दोन तुकडे लांब लांब लिहा आणि रोज थोडे जवळ आणा. 'मस्त', 'रस्ता', 'पुस्तक', 'दप्तर' असे त्याच्या रोजच्या तोंडातले पाच शब्द घ्या. आठ दिवसांत फरक दिसेल. नाही दिसला तर इथेच लिहा.

बिनपगारी
'दप्तर' आधी नको, मॅडम. आठवडाभर एकट्या 'स'चीच जोडाक्षरं घ्या, पोरं कमी गोंधळतात.

कोरडवाहू
आज संध्याकाळी मोटर बंद करून आलो की बसवतो त्याला. समितीचंही बघतो, सही मागायला मला वर्षातून एकदाच बोलावतात. पण मॅडम, हे दोन तुकड्यांचं मला आमच्या शाळेत कुणी सांगितलं असतं, तर मी इथे भांडायला आलोच नसतो.