कमी सामानात संसार कसा करावा? (नेरुळ) सल्ला हवा

गुलबक्षी, नेरुळ
नमस्कार मंडळी. सिडकोच्या जुन्या वन बीएचकेत आम्ही चौघं राहतो: मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. माळ्यावर दोन बंद मिक्सर, लग्नातले न उघडलेले डिनर सेट आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेले प्लास्टिकचे डबे. पलंगाच्या पोटात कपडेच कपडे. तरी सेल लागला की दारात नवा खोका येतोच. पगारातला बराच भाग हप्त्यांत जातो. मला मनापासून कमी वस्तूंत राहायचंय, आणि कंटाळा आला की काहीतरी मागवायचं, ही सवय मुलाला लागायला नको आहे. सुरुवात कुठून करू? काही टाकायचं म्हटलं की सासूबाईंना वाईट वाटतं, त्यांना दुखवायचं नाही. आणि काढलेलं सामान द्यायचं कुठे? ठाणे-नवी मुंबईकरांनी कृपया सांगावं.

तळेकाठ, ठाणे
ताई, माळा नंतर उपसा, आधी आवक थांबवा. नाहीतर रिकामी झालेली जागा दिवाळीपर्यंत पुन्हा भरते. खरेदीच्या ॲपमधलं साठवलेलं कार्ड काढून टाका, नोटिफिकेशन बंद करा. हवीशी वाटलेली वस्तू फ्रिजवरच्या कागदावर लिहून महिनाभर तशीच राहू द्या. आमच्याकडे एअर फ्रायर असाच यादीवर चढला आणि महिनाअखेरीला बायकोनेच खोडला. कढई, तवा, कुकर यांत आमचं सगळं भागत होतं.

हप्त्यांचं जरा नीट बघा. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बरेचदा एकरकमी पैसे भरणाऱ्याला मिळणारी सूट सोडावी लागते, वर प्रक्रिया शुल्क लागतं. क्रेडिट कार्डावर घेतला तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही जातो. घेण्याआधी हे सगळं कागदावर मांडा.

गोधडी, ऐरोली
सासूबाईंबद्दल लिहिते. त्यांच्या पिढीने साखर-रॉकेल रेशनच्या रांगेत उभं राहून आणलंय, गॅस आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेत. वस्तू जपणं हा त्यांचा संस्कार आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. टिकवून वापरण्यात त्या आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. त्यामुळे 'टाकूया' म्हणू नका, 'कोणाच्या उपयोगी पडेल?' असं त्यांनाच विचारा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. त्यांच्या खोलीतल्या वस्तूंना तर हातच लावू नका.

मऊ झालेल्या सुती साड्या असतील तर त्यांच्यासोबत गोधडी शिवायला बसा. साड्या थरावर थर नीट अंथरायच्या, सुरकुती राहू द्यायची नाही, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. मुलालाही सुई ओवायला बसवा. बटण लावता येणाऱ्या मुलाचा शर्ट लवकर टाकून दिला जात नाही.

वाण म्हणून यंदा मी तीळगूळ आणि कढीपत्त्याची रोपं दिली. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापतो, तसं वाढदिवसालाही आधीच सांगावं. नातेवाईक रागावत नाहीत हो.

खाडीकिनारा, वाशी
द्यायचं कुठे, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात थ्री-आर (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) केंद्राची चौकशी करा. २०२३ च्या मे महिन्यात देशभरच्या मोहिमेत शहरोशहरी अशी केंद्रं उघडली होती. कपडे, पुस्तकं, खेळणी तिथे घेतात. कपड्यांसाठी 'गूंज' ही संस्थाही आहे, १९९९ पासून काम करतेय. फाटकं-डागाळलेलं मात्र कोणालाच देऊ नका, घेणाऱ्याचा मान राखायला हवा. धड असलेल्या कपड्यांना जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडीवालीही चांगली, तिच्याकडचे कपडे धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात जातात. तिच्याकडून बदल्यात आणखी एक टोप घेऊ नका एवढंच.

मिक्सर, चार्जर, जुने फोन भंगारात घालू नका. तांब्यासाठी वायरी जाळतात, तो धूर विषारी असतो. नोंदणीकृत ई-कचरावाल्यालाच द्या. जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबलाइट वेगळ्या ठेवा, त्यात पारा असतो.

गुलबक्षी, नेरुळ
सगळ्यांचे मनापासून आभार. यादीचा कागद आजच फ्रिजवर लावला. एक राहिलं: ड्रिल मशीन, शिडी, मोठ्या बॅगा क्वचितच लागतात, पण अडतं. त्यांचं काय करता?

तळेकाठ, ठाणे
सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, कोणाकडे तरी असतंच. माझं ड्रिल आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत फिरतं. बिट ज्याच्याकडे तुटेल त्याने नवा आणायचा, एवढा एकच नियम. पुस्तकांसाठीही तेच, वाचनालय लावा. आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, नेरुळमध्ये जवळचं वाचनालय शोधून मुलाच्या नावाने वर्गणी भरा.